सहा बरण्या उजेड

"मेन बंद आहे ना?" मी विचारलं.

"बंद आहे."

"नक्की?"

"अगं, फ्यूजच खिशात आहे माझ्या."

मग मी बरणीत बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

"खारट झालंय. आमटी असती तर दुसरा घास कुणी घेतला नसता. निम्मं पाणी काढा आणि साधं घाला."

हे माझ्याकडे बघतच राहिले. हे म्हणजे माझे यजमान, अच्युत सोवनी. तासगावात यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. सदुसष्ट सालची गोष्ट. आमच्या लग्नाला सात महिने झाले होते, आणि त्या सात महिन्यांत आमच्यात झालेलं सगळ्यांत लांबलचक बोलणं ते हेच असावं. हे अबोल आणि मी नवी. "जेवायला वाढू का?" "वाढ." "दुकानातून कधी येणार?" "येईन." एवढ्यावर आमचा संसार चालला होता.

त्या दुपारी परसात सहा चिनी मातीच्या बरण्या ओळीने मांडलेल्या होत्या. प्रत्येकीत मिठाचं पाणी, तळाशी शिशाची एक पट्टी आणि वरून लाकडी दांडीला बांधलेली दुसरी. दांडी खाली सोडली की दोन पट्ट्या जवळ येत आणि बरणीला जोडलेला दिवा उजळे. दांडी वर ओढली की दिवा मंद होत होत जाई. नाटकाच्या लोकांना शहरात असे दिवे कमी-जास्त करायला तयार यंत्रं मिळायची, त्याला डिमर म्हणायचे. आमच्या गावात बरण्या होत्या. त्याही सासूबाईंच्या, लोणच्याच्या.

"अच्युता," माई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "कैऱ्या आल्या की त्या काय तुझ्या दिव्यांत घालू?"

"मार्च आहे माई. कैऱ्या येईपर्यंत स्पर्धा होऊन जाईल."

"मागल्या वर्षीही हेच म्हणालास. तुझ्या विजेची चव लागली होती लोणच्याला."

यांनी माझं ऐकलं. निम्मं पाणी काढून आडाचं साधं पाणी घातलं, खिशातला फ्यूज लावला आणि दांडी वर ओढली. डालड्याच्या डब्यात बसवलेला पाचशेचा दिवा आधी पिवळा झाला, मग नारिंगी, मग नुसती लाल तार दिसली आणि मग तीही गेली. यांनी ते तीनदा करून पाहिलं. मघापर्यंत दांडी कितीही ओढली तरी दिवा पुरता मंद होत नव्हता आणि बरणीतलं पाणी चहासारखं उकळत होतं.

"तुला कसं कळलं?" यांनी विचारलं.

"मला विजेतलं काही कळत नाही. पाण्यात मीठ किती ते कळतं."

हे हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदा जवळून पाहिलं. पुढचे दोन दात किंचित एकमेकांवर चढलेले होते.

त्या दिवसापासून बरण्यांची चव बघणं माझ्याकडे आलं. हे "आधी मेन, मग जीभ" असं मला रोज बजावत, आणि मी रोज तीनदा विचारल्याशिवाय बोट बुडवत नसे. पहिली बरणी सकाळच्या उन्हाची, दुसरी संध्याकाळची, तिसरी कंदिलाची, अशी सगळ्यांची नावं मला पाठ झाली. तिसरीत मीठ सगळ्यांत कमी लागे, कारण तिचा दिवा लहान होता. जिलेटीनचा पिवळा आणि निळा कागद एकावर एक धरला की हिरवा उजेड पडतो, हेही यांनी मला दाखवलं. मी माझा हात त्या उजेडात धरला आणि तो कच्च्या कैरीसारखा दिसला तेव्हा आम्ही दोघंही इतके हसलो की माई बाहेर येऊन पाहून गेल्या.

नाटक माईणकर सरांचं होतं. सर शाळेत मराठी शिकवायचे. गावातल्या नाट्यमंडळाचे लेखक, दिग्दर्शक आणि खजिनदार तेच. हेही त्यांचेच विद्यार्थी. तासात बेंचखाली बॅटरी आणि तारा जोडत बसलेल्या या मुलाला सरांनी बाहेर उभं करण्याऐवजी मंडळात नेलं होतं. तेव्हापासून आठ वर्षं नाटकाचे दिवे यांच्याकडे होते. दुकानात येणारी माणसं यांना "ओ रेडिओवाले" म्हणत. मंडळात मात्र सर म्हणत, "सोवनी, सकाळ करा." आणि हे सकाळ करत. त्या एका वाक्यासाठी हे वर्षभर थांबलेले असायचे, हे मला बरण्यांनी शिकवलं.

स्पर्धा सांगलीला होती. तिला दहा दिवस राहिले असताना शाळेच्या हॉलमध्ये दिवा टांगताना यांचा पाय शिडीवरून घसरला. उजवा हात कोपराच्या वर मोडला. सहा आठवडे प्लॅस्टर.

दुसऱ्या दिवशी सर घरी आले. बरोबर गजाभाऊ शिराळकर होते. गजाभाऊ कोर्टात कारकून, आणि नाटकात मुख्य भूमिका त्यांचीच. चहा झाला, हाताची चौकशी झाली, तरी सर उठेनात. टोपी मांडीवर ठेवून तिला गोल गोल फिरवत बसले.

शेवटी गजाभाऊच म्हणाले, "सर, सांगून टाका की. उगाच टोपीची गिरणी कशाला करताय?"

"सोवनी," सर म्हणाले, "सांगलीत एकजण आहे. स्वतःची यंत्रं घेऊन येतो. मी त्याला निरोप धाडावा म्हणतो."

हे म्हणाले, "बरोबर आहे, सर."

"आणि असं आहे, यंत्रं चांगली असली तर पुढल्या वर्षीही त्यालाच... म्हणजे, तुम्हालाही दुकान आहे. दगदग होते."

"बरोबर आहे, सर."

यांनी मान खाली घातली. डाव्या हाताने प्लॅस्टरवरचा एक टवका उगाच खरवडत राहिले. मी दाराआड उभी होते. मला घरात सात महिने झाले होते, परक्या पुरुषमाणसांसमोर मी अजून नीट बसलेही नव्हते. पण तो टवका खरवडणारा हात मला बघवेना.

"मी करते," मी म्हणाले.

सरांनी मागे वळून पाहिलं. "काय करता, सूनबाई?"

"दिवे. बरण्या मला माहीत आहेत. कधी कुठली दांडी ओढायची ते यांच्या वहीत लिहिलेलं आहे. मला वाचता येतं."

गजाभाऊ म्हणाले, "वहिनी, तिथे अंधारात विंगेत उभं राहायचं असतं. झुरळं असतात."

"तुमच्या घरात नाहीत?"

माई आतून खाकरल्या. मला वाटलं आता मला हाक मारणार. पण त्यांनी नुसतं सांगितलं, "बरण्या माझ्या आहेत, सर. परक्या माणसाच्या हाती मी द्यायची नाही."

आता सांगलीचा माणूस स्वतःची यंत्रं घेऊन येणार होता, त्याला माईंच्या बरण्यांशी काय करायचं होतं! पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही. सरांनी टोपी डोक्यावर ठेवली.

"ठीक आहे," ते म्हणाले. "पण आत्ताच स्पष्ट सांगतो. या वर्षी काही गोंधळ झाला तर पुढल्या वर्षी सांगलीचा माणूस. मग सोवनींनी मनाला लावून घ्यायचं नाही."

ते गेल्यावर हे मला म्हणाले, "तुला भीती नाही वाटली?"

"वाटली."

"मग?"

"मग काय, आता वही द्या."

नाटक सांगते, म्हणजे पुढलं कळेल. एका निवृत्त पोस्टमास्तरचा मुलगा बोटीवर नोकरीला गेलेला. बाप आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं वाटत आलेला आणि आता स्वतःच्या पत्राची वाट बघणारा. तीन अंक वाट बघण्यात जातात. शेवटी पत्र येतं, की मी तिकडेच घर केलं आहे, आता येणार नाही. कंदिलाच्या उजेडात बाप ते वाचतो. मग उभा राहून नव्या पहाटेबद्दल दोन पानांचं भाषण करतो आणि सगळे दिवे एकामागून एक चढत जाऊन रंगमंच लख्ख होतो. त्या भाषणावर सरांचा फार जीव होता. गजाभाऊंचा नव्हता, कारण ते त्यांना पाठ होत नव्हतं.

पुढचे आठ दिवस मी हॉलमध्ये जात होते. हे शेजारी स्टुलावर बसून सांगत, "हळू. अजून हळू. दार उघडल्यासारखं नको, ऊन आल्यासारखं." पायात रबरी चपला, खाली लाकडी फळी, पदर खोचलेला. पहिल्या दिवशी मी सकाळच्या जागी संध्याकाळ केली तेव्हा गजाभाऊ म्हणाले, "वहिनी, मी अजून दात घासतोय!" पाचव्या दिवसापासून मला वहीकडे बघावं लागेना.

सांगलीला आम्ही सकाळच्या एस. टी.ने गेलो. बरण्या कडब्यात गुंडाळून टेम्पोने आल्या. दुपारी नाट्यगृहाच्या मागच्या विहिरीचं पाणी भरलं, घरून मोजून आणलेल्या मिठाच्या पुड्या टाकल्या आणि दांड्या वर ओढल्या. दिवे मंद होईनात. तिसरी बरणी तर सुरुवातीलाच वाफा टाकायला लागली.

सर आले, त्यांनी पाहिलं. गजाभाऊंच्या कानाशी ते कुजबुजले, त्यातला "सांगलीचा" एवढा शब्द मला ऐकू आला.

हे घाईघाईने तारा तपासायला लागले, डाव्या हाताने, दातांत पक्कड धरून. मी विहिरीवर गेले आणि बादलीतलं पाणी ओंजळीत घेऊन प्यायले.

"अहो," मी परत येऊन म्हणाले, "ती पक्कड ठेवा. इथलं पाणीच मचूळ आहे. आपण खाऱ्या पाण्यात मीठ घातलंय."

सगळ्या बरण्या ओतल्या. नुसतं विहिरीचं पाणी भरलं आणि एकेक चिमूट घालत, मेन बंद करत, चाखत, मेन लावत, सहाही बरण्या जुळवल्या. पाच वाजेपर्यंत माझी जीभ सोललेल्या आल्यासारखी झाली होती. पण दिवे ऐकायला लागले. सरांनी विंगेतून एकदाच मान हलवली. त्यांच्या लेखी ती शाबासकीच होती.

प्रयोग साडेसहाला सुरू झाला. हे प्रेक्षकांत बसले. विंगेत प्लॅस्टरचा हात कुणाला तरी लागेल म्हणून सरांनीच त्यांना तिकडे धाडलं होतं. मी एकटी बरण्यांपाशी आणि माझ्या बाजूला सर, हातात संहिता घेऊन. तीन तासांतले अडीच तास माझं एकही पान चुकलं नाही. दुसऱ्या अंकातली संध्याकाळ मी अशी उतरवली की कुणीतरी प्रेक्षकांतून "वा" म्हणालं. मला वाटलं, झालं, वाचलो. आता शेवटचा प्रवेश, मग भाषण, मग लख्ख.

गजाभाऊंनी पत्र फोडलं. रंगमंचावर फक्त तिसऱ्या बरणीचा दिवा, म्हणजे कंदील. त्यांनी पत्र वाचलं. खुर्चीतून उठले. आणि गप्प.

मी पहिल्या दांडीवर हात ठेवून भाषणाच्या पहिल्या वाक्याची वाट बघत होते. वाक्य येईना. गजाभाऊंनी पत्र डोळ्यांजवळ नेलं, मग लांब धरलं, मग पुन्हा जवळ. सर कुजबुजत वाक्य सांगत होते, पण विंगेतला पंखा घरघरत होता, त्यांना ऐकू जात नव्हतं. सरांचा चेहरा घामाने निथळला. आणि ते एकदम माझ्याकडे वळून म्हणाले,

"दिवा वाढव! पोरी, दिवा वाढव!"

आजवर त्यांनी माझ्यापुढे कधी "दिवा" हा शब्द वापरला नव्हता. मंडळात सगळे "लाइट" म्हणायचे. "लाइट चढवा, लाइट उतरवा, फुल करा." आणि एरवी ते मला अहोजाहो करायचे. दिवा म्हटल्यावर माझ्या हाताने वही सोडली, पहिली दांडी सोडली आणि तिसरी धरली. मी ती वर ओढायला लागले. सावकाश, अगदी सावकाश, वात खाली घ्यावी तशी. कंदील पिवळ्याचा नारिंगी झाला, नारिंगीचा लाल झाला. सर हवेत हात हलवत होते, मला वाटलं, "अजून हळू" म्हणताहेत. मी अजून हळू केलं. मग तारही विझली. सगळीकडे काळोख झाला आणि पडदेवाल्याला वाटलं नाटक संपलं, म्हणून त्याने पडदा पाडला.

बाहेर टाळ्या झाल्या, पण माझ्या कानात सरांचंच बोलणं होतं.

"मी काय म्हणालो?"

"दिवा वाढव म्हणालात."

"मग?"

"वाढवला की, सर."

"वाढवला?" सरांचा आवाज फाटला. "अहो, घालवलात! माझं भाषण घालवलंत! माझी पहाट घालवलीत!"

गजाभाऊ पत्र हातात घेऊन विंगेत आले. "सर, शिव्या मला द्या. भाषण पाठ होईना म्हणून मी ते या पत्रावरच लिहून आणलं होतं. पण त्या कंदिलात एक अक्षर दिसेना. चष्मा लावावा तर पोस्टमास्तरला चष्मा नाही."

"म्हणून तर मी दिवा वाढव म्हणत होतो! तुमची फसवणूक मला मघाशीच कळली होती!"

"पण सर, टाळ्या झाल्या हो."

"सुटलो म्हणून वाजवतात लोक," सर म्हणाले आणि संहिता बगलेत मारून निघून गेले.

मी बरण्या रिकाम्या करत राहिले. मला रडू येत नव्हतं. पण आठ वर्षं एका माणसाने सांभाळलेली गोष्ट मी एका मिनिटात बुडवली, एवढंच डोक्यात फिरत होतं. हे आले, बरण्या कडब्यात गुंडाळायला लागले. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. रात्रीचा मुक्काम धर्मशाळेत होता, बायका एकीकडे आणि पुरुष एकीकडे, त्यामुळे तोंड लपवायला फारसं काही करावं लागलं नाही.

सकाळी एस. टी.त हे माझ्या शेजारी बसले. कवलापूर मागे पडलं.

"एक विचारू?" हे म्हणाले. "सर 'वाढव' म्हणाले. तू म्हणालीस, वाढवला. म्हणजे काय?"

मग मी सांगितलं. माझं माहेर राजापूरकडचं. वडील याज्ञिकी करायचे. आमच्या घरात अशुभ शब्द उच्चारायचा नाही, असा दंडकच होता. बांगडी फुटली म्हणायचं नाही, बांगडी वाढवली म्हणायचं. डब्यातलं पीठसुद्धा कधी संपत नसे, पीठ वाढलं म्हणायचं. आणि निजायच्या आधी आई हाक मारी, "मनोरमा, दिवा वाढव गं." मी उठून वात हळूहळू खाली घेत दिवा मालवायची. फुंकर मारायची नाही. अठरा वर्षं मी रोज तेच केलं. एरवी मला 'वाढव'चा सगळ्यांसारखाच अर्थ कळतो. पण त्या गडबडीत कुणी माझ्या आईच्या शब्दांत, मला "पोरी" म्हणत, दिवा वाढव म्हणालं, तर हात आधी तिकडेच गेला.

हे ऐकत होते. आधी त्यांचे खांदे हलायला लागले. मग पोट. मग हे इतके हसायला लागले की प्लॅस्टर समोरच्या दांडीवर आपटलं, "आई गं" म्हणाले आणि पुन्हा हसायला लागले. कंडक्टर बघून गेला.

"हसू नका. तुमचं काम घालवलं मी."

"अगं, तू ते पाहिलंस का?"

"काय?"

"तू काय केलंस ते. विंगेतून दिसत नाही. मी आठ वर्षांत माझा एक दिवा समोरून पाहिला नव्हता. काल पहिल्यांदा पाहिला, तोही तुझा." हे वळून बसले आणि डावा हात हलवत सांगायला लागले. हे, म्हणजे दिवसाला दहा वाक्यं बोलणारा माणूस. "आधी भिंत गेली. मग खुर्ची गेली. मग गजाभाऊंचा चेहरा जायला लागला, कपाळ आधी, डोळे नंतर. तो बिचारा पत्र वाचायला बघत होता, जवळ नेत होता, लांब नेत होता. पण आम्हाला काय दिसत होतं सांगू? बाप पत्र पुन्हा पुन्हा वाचतोय, की कुठे तरी 'येतो' लिहिलं असेल. आणि उजेड जातोय. शेवटी काय उरलं माहीत आहे? नुसता कागद. पांढरा असल्यामुळे तो शेवटपर्यंत दिसत राहिला. माणूस नाही, हात नाही, अंधारात एक कागद. आणि मग तोही नाही. माझ्या शेजारी एक मिशावाले गृहस्थ बसले होते. त्यांनी माझा प्लॅस्टरचा हातच घट्ट धरला. केवढं दुखलं!"

"खरंच?"

"तुझी शपथ."

मी खिडकीबाहेर बघितलं. द्राक्षांचे मांडव मागे पळत होते. सांगते तुम्हाला, त्यानंतर मी पुष्कळ नाटकं पाहिली, सिनेमे पाहिले, मुलांच्या घरी भिंतीवरचं बटण गोल फिरवलं की दिवा मंद होतो तेही पाहिलं. पण जो उजेड मी स्वतः पाहिलाच नाही, तो अजून मला सगळ्यांत स्पष्ट दिसतो, कारण तो मला यांनी त्या एस. टी.त बसून दाखवला.

तरी काम गेल्याचं गेलंच होतं. सर तीन आठवडे आमच्या गल्लीत फिरकले नाहीत. हे दुकानात जात, येत. माई मला काही बोलल्या नाहीत. उलट कुणी विचारलं तर सांगत, "आमच्या सुनेने सांगलीत अंधार केला," जणू काही ते एखादं पक्वान्न होतं.

मग एका सकाळी सर आले. हातात एक पत्र आणि बगलेत जाडजूड शब्दकोश. उभ्या उभ्याच त्यांनी पत्र वाचलं. आमचं नाटक अंतिम फेरीला निवडलं होतं. परीक्षकांनी खाली शेरा लिहिला होता: "अखेरीस भाष्य टाळून केवळ मावळत्या प्रकाशातून बापाचे दुःख पोचवण्याचे धाडस विशेष उल्लेखनीय."

"भाष्य टाळून," सर पुन्हा म्हणाले. "दोन पानांचं भाष्य होतं ते."

मग त्यांनी शब्दकोश पाटावर ठेवला आणि खूण घातलेलं पान उघडलं.

"आणि हे बघा. सोवनींकडून ऐकलेली तुमच्या माहेरची हकीकत गजाभाऊंनी मला सांगितली. मला पटेना, म्हणून पाहिलं. 'वाढविणे' याचा दिव्याच्या बाबतीत हाही एक अर्थ दिलेला आहे." त्यांनी चष्मा काढून पुसला. "सव्वीस वर्षं मी मराठी शिकवतो, सूनबाई. बरोबर तुम्ही होता."

"नाही हो सर," मी म्हणाले, "चुकलेच मी."

"चुकलात खऱ्या. पण मराठी बरोबर होतं."

मला हसू आवरेना. सरांनाही आवरलं नाही. पण दिव्यांचं पुढे काय, हे त्यांनीही सांगितलं नाही आणि विचारायचा धीर आमच्यातही कुणाला झाला नाही. जाताना एवढंच म्हणाले, "सोवनी, प्लॅस्टर निघालं की तालमीला या. मग ठरवू."

प्लॅस्टर पुढच्याच आठवड्यात निघालं. त्या रविवारी सकाळी हे तालमीला गेले, इस्त्रीचा सदरा घालून. उजवा हात अजून काडीसारखा बारीक होता, पण सारखा वर-खाली करून बघत होते. मी भाकरीचं पीठ मळायला घेतलं. मनात म्हटलं, आज एकदाचं कळेल.

अर्ध्या तासात हे परत. दारात उभे, धापा टाकत.

"काय झालं?" मी विचारलं.

"मला काढलं."

मी परातीतून हात उचलला. "कुणी?"

"सरांनी. मी दांडीला हात लावला तर म्हणाले, सोवनी, तुम्ही नको. मी दुसरं माणूस ठरवलं आहे."

"तो सांगलीचा?"

"नाही. राजापूरकडचं कुणीतरी आहे."

मला आधी काही उमगेना. यांचा चेहरा रडवेला दिसेल म्हणून मी बघत होते, आणि तो तर फुटाण्यासारखा तडतडत होता. ते दोन एकमेकांवर चढलेले दात पुरते बाहेर आले होते.

"चल लवकर," हे म्हणाले. "सगळे खोळंबलेत. गजाभाऊ तर भाषण गेलं म्हणून पेढे वाटतायत."

"अहो, पण आठ वर्षं तुमचं... मग तुम्ही काय करणार?"

"मी समोर बसणार!" हे म्हणाले. "तू करायचंस आणि मी बघायचं. मग घरी आल्यावर तुला सांगायचं."

माईंनी मागून येऊन माझ्यापुढची परात ओढून घेतली. "जा गं," त्या म्हणाल्या. "त्याला आता कुठे बोलायला यायला लागलंय."

मी हात धुवायलाही थांबले नाही. पिठाचे हात पदराला पुसले आणि निघाले. हे माझ्यापुढे धावत होते, आणि दर चार पावलांनी मागे वळून बघत होते.